आरतीच्या वेळी संकेतस्थळ का बसते? सर्व्हरची मांडणी आणि पाने लवकर उघडण्याविषयी

सत्तरीवासी

नमस्कार. सत्तरी तालुक्यातील आमच्या गावच्या मंडळाचे एक छोटे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे सांभाळतो. त्यावर आरत्यांचा संग्रह, घुमट या वाद्यावरच्या आरतीच्या ध्वनिफिती, माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या सजावटीची) छायाचित्रे आणि जत्रेतील नाटकांचे वेळापत्रक असते. मी व्यवसायाने शिक्षक आहे. सर्व्हरविषयी जे काही कळते ते अडले तेथे वाचून शिकलेले आहे, तेव्हा एखादा शब्द चुकल्यास सांभाळून घ्यावे.

एरवी दिवसाला शंभर-दीडशे लोक येतात आणि कोणाची तक्रार नसते. गणेशचवथीच्या संध्याकाळी मात्र साडेसात ते नऊच्या दरम्यान घरोघरी आरती सुरू होते आणि ज्यांना पुढचे कडवे आठवत नाही ते सारे एकाच वेळी फोन काढतात. गेल्या वर्षी नेमके त्याच वेळी पान उघडेना. आमच्याच घरी, मखरासमोर तबक हातात धरून उभ्या असलेल्या काकांनी ‘तुझे ते उघडत नाही रे’ असे सर्वांदेखत सांगितले, तेव्हापासून हा विषय माझ्या मनात आहे.

सर्व्हर भाड्याचा, आभासी स्वरूपाचा आहे: प्रोसेसरचा एक कोअर, २ जीबी मेमरी, ठिकाण अमेरिकेचा पूर्व किनारा. त्यावर अपाची (पाने पाठवणारा प्रोग्राम), वर्डप्रेस (पाने लिहिण्याची व सांभाळण्याची प्रणाली) आणि मायएसक्यूएल (माहितीचा साठा) आहे. साध्या दिवशीही वाळपईत फोनवर पान पूर्ण दिसायला सहा-सात सेकंद लागतात. ज्या कंपनीकडून सर्व्हर घेतला आहे ती मेमरी दुप्पट करण्याचा सल्ला देते, म्हणजे वर्षाचे भाडेही दुप्पट. मंडळाच्या वर्गणीतून तेवढे पैसे काढण्यापूर्वी विचारतो: खरोखरच मोठा सर्व्हर हवा आहे, की आहे त्याचीच मांडणी नीट केली तर भागेल? चवथ दीड महिन्यावर आली आहे.

मांडवीकाठ

सत्तरीबाब, मेमरी घेण्याची घाई करू नका. वेळ कोठे जातो आहे ते आधी मोजू. ‘कर्ल’ नावाचे आज्ञावलीतले साधन आहे, त्याला मोजमाप छापायला सांगितले की पत्ता शोधणे, जोडणी, टीएलएसची (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीची) बोलणी, पहिला बाइट आणि एकूण असे पाच आकडे मिळतात. आरतीसंग्रहाच्या पानासाठी ते घरच्या इंटरनेटवरून चार-पाच वेळा काढून मधला आकडा येथे द्यावा. शिवाय पत्ता नुसता टंकला, म्हणजे पुढचे ‘डब्ल्यू’ आणि सुरक्षित जोडणीचा उल्लेख न करता, तर मधे किती पुनर्निर्देशने होतात तेही पाहावे.

एक खुलासा. आज्ञांची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. फाईलमध्ये ती मूळ रोमन स्पेलिंगनेच टाकायची आहेत, नाहीतर उद्या कोणीतरी देवनागरी आज्ञा चिकटवून सर्व्हर चालू होत नाही म्हणून नवा धागा काढेल.

सत्तरीवासी

मोजले. सुरुवातीपासून धरलेला वेळ असा: पत्ता ०.०५ सेकंद, जोडणी ०.३०, टीएलएस ०.८१, पहिला बाइट २.४५ आणि शेवट ३.२०. पानाचा मजकूर १८० किलोबाइट आहे. नुसता पत्ता टंकल्यास दोन पुनर्निर्देशने होतात, पहिले सुरक्षित पत्त्याकडे आणि तेथून ‘डब्ल्यू’च्या पत्त्याकडे. वरचे आकडे शेवटच्या पत्त्याचे आहेत, पुनर्निर्देशनांचा वेळ त्यांत धरलेला नाही.

मांडवीकाठ

आकडे बोलके आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पत्ता सापडल्यापासून जोडणी होईपर्यंत पाव सेकंद गेला आहे. तुमच्या घरापासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याच्या एका फेरीला लागणारा हा वेळ आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि अमेरिकेचा पूर्व किनारा येथून १२-१३ हजार किलोमीटरांच्या पलीकडे आहे, त्यामुळे सर्व्हरला कितीही मेमरी लावली तरी ही फेरी लहान होणार नाही. टीएलएसला अर्धा सेकंद, म्हणजे दोन फेऱ्या गेल्या, यावरून तुमचा सर्व्हर अजून १.२ ही आवृत्ती बोलतो असे दिसते. २०१८ साली प्रमाणित झालेली १.३ हेच काम एका फेरीत करते. पुढे मागणी पाठवून पहिला बाइट मिळायला आणखी एक फेरी. अशा चार फेऱ्या, म्हणजे एक सेकंद, निव्वळ अंतराने खाल्ला आहे. उरलेले साधारण १.४ सेकंद तुमचा सर्व्हर पान तयार करण्यात घालवतो.

पहिल्या बाइटनंतर शेवटपर्यंत पाऊण सेकंद का लागला, हेही पाहण्यासारखे आहे. नवी जोडणी सुरू झाली की सर्व्हर एकदम सगळे पाठवत नाही. आधी दहा पाकिटे, म्हणजे सुमारे १४ किलोबाइट, मग पोच मिळाल्यावर त्याच्या दुप्पट, मग चौपट. या हिशेबाने १८० किलोबाइट जायला चार हप्ते लागतात, म्हणजे पहिल्या हप्त्यानंतर तीन फेऱ्या, आणि तीन फेऱ्यांचा पाऊण सेकंद तुमच्या आकड्यांत उतरला आहे. त्याअर्थी मजकूर आकसलेला नाही.

येथे आपल्या लिपीचा मुद्दा येतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइट लागतात. ‘गोवा’ या शब्दात ग, ओकार, व आणि काना अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. रोमन लिपीत तेच नाव तीन बाइटांत बसते. मात्र देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांतला पहिला सगळीकडे तोच असतो आणि दुसरा दोनपैकी एक असतो. जीझिप ही मजकूर आकसण्याची पद्धत अशा पुनरावृत्तीवरच जगते, म्हणून मराठी पान आकसले की फरक डोळ्यात भरतो. त्यातून आरत्यांमध्ये ध्रुवपदे दर कडव्याला परत येतात, ते वेगळेच.

आता पुनर्निर्देशने. पहिल्या पत्त्याला जोडणी आणि मागणी अशा दोन फेऱ्या, दुसऱ्याला टीएलएससह चार. म्हणजे तुमचे खरे पान मागण्याआधीच दीड सेकंद गेला. साध्या पत्त्यावरून थेट अंतिम पत्त्याकडे एकच उडी ठेवा, आणि पत्रिकेवर व फलकांवर अंतिम पत्ताच छापा.

राहिला चवथीच्या संध्याकाळचा प्रश्न. तुमची अपाची बहुधा ‘प्रीफोर्क’ पद्धतीने, पीएचपी (वर्डप्रेसची पाने तयार करणारी भाषा) पोटात घेऊन चालते. या पद्धतीत प्रत्येक पाहुण्यामागे एक वेगळी प्रक्रिया लागते आणि कमाल मर्यादा न बदलल्यास २५६ असते. वर्डप्रेसची एक प्रक्रिया ५० एमबी धरली तर २५६ प्रक्रियांना १२,८०० एमबी हवेत. तुमच्याकडे आहेत २,०४८, त्यांतले सातशेच्या आसपास मायएसक्यूएल आणि इतर गोष्टींना लागतात. सव्विसाव्या पाहुण्यापुढे सर्व्हर डिस्कलाच मेमरी म्हणून वापरू लागतो आणि मग त्याला कशाचीच शुद्ध राहत नाही. काकांनी पाहिले ते हेच असावे.

यावर मेमरी दुप्पट केली तर बसण्याची वेळ थोडी पुढे जाईल, एवढेच. कारण खरी अडचण कोअरची आहे. एका पानाला १.४ सेकंद लागतो आणि त्यातला बराचसा प्रोसेसरचा असेल, तर एक कोअर सेकंदाला जेमतेम एक पान देतो. आरतीच्या वेळी दोनशे जणांनी एका मिनिटात पान मागितले की रांग लागणारच. जे पान वर्षातून दोनदा बदलते ते दर पाहुण्यासाठी नव्याने रांधायचे कशाला? तयार पान ताटात वाढायला त्याच कोअरला काही अवघड नाही, सेकंदाला शेकडो वाढेल.

म्हणून माझे मत असे. सर्व्हर याच आकाराचा पण मुंबईतला घ्यावा. अपाचीऐवजी एन्जिनएक्स हा दुसरा तसाच प्रोग्राम आणि पीएचपी वेगळे चालवणारे पीएचपी-एफपीएम ठेवावे, आणि पीएचपीच्या पुढ्यात फास्टसीजीआय कॅशे, म्हणजे तयार पानांचा साठा, लावावी. अपाचीचीच सवय असेल तर ‘इव्हेंट’ पद्धत आणि एफपीएम यांवरही काम होते. अपाची मुळात संथ असते असे जे सांगितले जाते ते प्रीफोर्कच्या अनुभवावरून.

साष्टीचा पाऊस

मांडवीकाठ यांचे गणित पटले, निष्कर्ष अर्धाच पटला. आरत्या काही दर आठवड्याला बदलत नाहीत. मग वर्डप्रेस, पीएचपी, मायएसक्यूएल आणि त्यावर कॅशे हा सगळा संसार मांडायचाच कशाला? ह्यूगोसारख्या साधनाने पाने एकदा तयार करून साध्या फाईली म्हणून ठेवाव्यात. मोडायला काही उरत नाही, अद्ययावत करायला प्लगिन (वर्डप्रेसला जोडलेली साधने) उरत नाहीत आणि पावसाळ्यात घरची वीज गेली असताना सर्व्हरकडे लक्ष देण्याची वेळही येत नाही.

मांडवीकाठ

तत्त्वतः मान्य. पण वेळापत्रक मंडळाचे चार जण फोनवरून भरतात, त्यांना फाईल लिहून पाठवायला सांगितले तर पुढच्या जत्रेपासून ते काम सत्तरीबाबांच्या एकट्याच्या गळ्यात पडेल. कॅशे म्हणजे तरी दुसरे काय, वर्डप्रेसने तयार करून ठेवलेली साधी फाईलच. फरक एवढाच की ती आपोआप तयार होते.

अंत्रुजकन्या

मी फोंड्यात संकेतस्थळांच्या मांडणीचे काम करते. सर्व्हरविषयी वर लिहिले गेले आहे त्यात भर घालण्याजोगे माझ्याकडे नाही, पण मी आत्ताच सत्तरीवासी सरांचे संकेतस्थळ उघडून पाहिले आणि सहा-सात सेकंदांतले उरलेले सेकंद कोठे जातात ते लगेच दिसले.

माटोळीची छायाचित्रे फोनमधून काढली तशीच चढवलेली आहेत. एकेक छायाचित्र ४,००० पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचे आहे, आणि मुखपृष्ठावर अशी आठ आहेत. सुपारीचा घड आणि रानफळे ओळखू यायला १,२०० पिक्सेल रुंदी पुरते. वेबपी स्वरूपात ते दीडशे-दोनशे किलोबाइटांत बसते. पाहणाऱ्याच्या पडद्यापलीकडची छायाचित्रे मागाहून आणण्याची सोय वर्डप्रेसमध्ये २०२० सालच्या ५.५ या आवृत्तीपासून आहेच. फक्त अगदी वरचे मोठे छायाचित्र त्या सोयीतून वगळावे, नाहीतर तेच सर्वांत उशिरा येते.

फॉन्टकडे सहसा कोणी पाहत नाही. सरांनी एका देवनागरी फॉन्टची पाच वजने, म्हणजे जाडीचे पाच प्रकार, परक्या ठिकाणाहून मागवली आहेत. प्रसिद्ध फॉन्ट तेथून घेतला की तो पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये आधीच असतो, हा युक्तिवाद जुना झाला. सफारीत फार पूर्वीपासून आणि क्रोममध्ये २०२० पासून प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा ठेवला जातो, त्यामुळे परक्या पत्त्याशी नवी जोडणी करण्याचा भुर्दंड तेवढा उरतो. फॉन्ट स्वतःच्याच सर्व्हरवर वॉफ-२ स्वरूपात ठेवावा आणि साधे व ठळक अशी दोनच वजने घ्यावीत. फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्याच अक्षरांत मजकूर दिसेल अशी ‘स्वॅप’ची सूचना द्यावी, आरती म्हणणाऱ्याला अक्षर सुंदर असण्यापेक्षा ते आत्ता दिसणे महत्त्वाचे असते.

फॉन्ट छाटताना सांभाळा. मी एकदा एका ऑनलाइन साधनाने फक्त वापरलेली अक्षरे ठेवून फॉन्ट निम्म्याहून लहान केला आणि खुशीत चढवला. दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला, की पत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री’ऐवजी पाय मोडलेला श आणि शेजारी सुटी री दिसते आहे. त्या साधनाने अक्षरे ठेवली होती, पण जोडाक्षरांची चित्रे आणि ती जुळवणारे नियम काढून टाकले होते. देवनागरीचा पूर्ण संच आणि जुळणीचे नियम ठेवून बाकीच्या लिप्या काढाव्यात, यापलीकडे छाटू नये.

सत्तरीवासी

ताई, आठही छायाचित्रे आज रात्री लहान करतो. फॉन्टची पाच वजने कशी आली ते मलाही आठवत नाही. मुंबईतला सर्व्हर घेतला आहे, भाडे जवळजवळ तेवढेच पडते. त्यावर एन्जिनएक्स बसवत आहे.

पेडण्याची वाट

कॅशेचा विषय निघाला आहे म्हणून माझी फजिती सांगतो. आमच्या देवस्थानच्या जत्रेचे संकेतस्थळ मी करतो. कोठेतरी वाचले की ब्राउझरला एक वर्ष साठवायला सांगितले की संकेतस्थळ वाऱ्यासारखे पळते, आणि मी ३,१५,३६,००० सेकंदांची ती ओळ सरसकट सगळ्या फाईलींना लावली. पळायला खरेच लागले. पुढे दशावताराची वेळ रात्री दहाची अकरा झाली. मी पान बदलले, माझ्या संगणकावर नवे दिसले, आणि आधी एकदा पान पाहून गेलेले सगळे लोक दहाला येऊन मांडवात बसले. त्यांच्या फोनने सर्व्हरला विचारलेच नाही, कारण वर्षभर विचारू नकोस असे मीच सांगून ठेवले होते. सर्व्हरवरून ते मागे घेण्याचा उपाय नसतो. पाहुण्याच्या फोनमधली प्रत आपल्या हाताबाहेर गेलेली असते.

मांडवीकाठ

ही चूक पुष्कळ जण करतात. एक वर्षाची मुदत फक्त अशा फाईलींना द्यावी ज्यांच्या नावात आवृत्ती आहे, म्हणजे शैलीची फाईल बदलली की तिचे नावच बदलते. फॉन्ट आणि छायाचित्रे यांनाही चालते, नवे छायाचित्र नव्या नावाने चढवायचे असेल तर. मूळ पानाला मात्र ‘नो-कॅशे’ द्यावे. या नावाने लोक फसतात. त्याचा अर्थ साठवू नको असा नसून वापरण्यापूर्वी दर वेळी विचार असा आहे. बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढेच उत्तर देतो आणि मजकूर पुन्हा पाठवत नाही. मुळीच साठवू नको असे सांगायचे असेल तर ‘नो-स्टोअर’.

सत्तरीबाब, एन्जिनएक्स बसवताना तीन ठिकाणी ठेच लागते. जीझिप चालू केले तरी मूळ रचनेत ते फक्त एचटीएमएलला लागू होते. शैली, स्क्रिप्ट आणि एसव्हीजी यांची नावे ‘जीझिप टाइप्स’मध्ये स्वतः लिहावी लागतात. पातळी मुळात १ असते, ती ५ किंवा ६ करावी, त्यापुढे प्रोसेसर जास्त खपतो आणि हाती फारसे लागत नाही. जेपेग, वेबपी, वॉफ-२ हे आधीच आकसलेले असल्याने त्यांना हात लावू नये. दुसरे, ‘ॲड हेडर’ ही आज्ञा आतल्या विभागात एकदा जरी लिहिली तरी बाहेरच्या विभागातील तिच्या सगळ्या ओळी तेथे गळून पडतात. आणि कोणताही बदल केला की आधी तपासणीची आज्ञा चालवून मग ‘रीलोड’ करावे, ‘रीस्टार्ट’ नको. फाईलमध्ये एक अर्धविराम राहिला तर रीस्टार्टने चालू सर्व्हर बंद पडतो. रीलोडमध्ये जुनी मांडणी तशीच चालू राहते.

सत्तरीवासी

दहा दिवसांनी लिहितो आहे. सर्व्हर मुंबईला गेला, टीएलएस १.३ चालू झाले, पुनर्निर्देशन एकच उरले. १८० किलोबाइटांचे पान आता २८ किलोबाइटांत जाते, हे पाहून मीच दोनदा मोजले. कॅशेही लावली आणि तिची स्थिती दाखवणारी ओळ उत्तरात घातली, पण ती दर वेळी ‘मिस’, म्हणजे पान साठ्यात नाही, असे म्हणते. एकदाही ‘हिट’ आले नाही. पान तयार करायला अजूनही पाऊण सेकंद जातो. काय चुकले असेल?

मांडवीकाठ

उत्तराच्या शीर्षकांत ‘सेट-कुकी’ दिसते का पाहा. कुकी म्हणजे पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी नोंद; ती देणारे उत्तर एन्जिनएक्स साठवत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ती कुकी एका पाहुण्याची असते. एखादे प्लगिन विनाकारण पीएचपीचे सत्र सुरू करत असेल तर प्रत्येक पाहुण्याला कुकी मिळते आणि ‘नो-स्टोअर’ही सोबत जाते.

त्यावरचा उपाय म्हणून कुकीकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञा देऊ नका; प्लगिन शोधून काढा. आणि वर्डप्रेसमध्ये प्रवेश केलेल्या व्यक्तीची कुकी असेल तेव्हा कॅशे वगळण्याची अट घातली आहे ना, तेही पाहा. ती नसेल तर एखाद्या दिवशी मंडळाच्या सचिवांसाठी तयार झालेले पान, वरच्या काळ्या पट्टीसकट, सगळ्या गावाला दिसेल.

सत्तरीवासी

पाहुण्यांची संख्या मोजणारे एक जुने प्लगिन होते, त्यानेच सत्र सुरू केले होते. काढले. दुसऱ्याच भेटीला ‘हिट’ आले. वाळपईहून मोजले: पहिला बाइट ०.१९ सेकंद, शेवट ०.२४. दुरूनही खात्री करावी म्हणून काणकोणच्या मित्राला उघडायला सांगितले. तो म्हणाला, चटकन आले, पण त्याला आधीचे ठाऊक नसल्याने फारसे कौतुक वाटले नाही.

साष्टीचा पाऊस

फेसबुकवर दुवा टाकणार असाल तर एक पाहून घ्या. तेथून येणाऱ्या प्रत्येक दुव्याला एक लांबलचक शेपूट जोडलेले असते आणि ते दर वेळी वेगळे असते. कॅशेच्या किल्लीत (ज्या मजकुरावरून साठवलेली प्रत ओळखली जाते त्यात) पूर्ण पत्ता शेपटासकट घेतला असेल तर एकाच आरतीच्या शेकडो प्रती साठतील आणि प्रत्येक पाहुणा सर्व्हरच्या दृष्टीने नवाच असेल. हे बोलणारा माणूस कॅशेच्या विरोधातला आहे, याची नोंद घ्यावी.

दोडामार्ग

आम्ही सीमेच्या अलीकडचे असलो तरी आरत्या तुमच्याच संकेतस्थळावरून म्हणतो. येथे नेटवर्क एक काडी येते आणि जाते. अशा ठिकाणी पाने पाठवण्याच्या एचटीटीपी-३ या नव्या पद्धतीचा उपयोग होतो असे ऐकले, ते खरे का?

मांडवीकाठ

होतो. एचटीटीपी-२ मध्ये सगळ्या फाईली एकाच टीसीपी जोडणीवरून येतात. एक पाकीट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे थांबते. २०२२ साली प्रमाणित झालेले एचटीटीपी-३ टीसीपीऐवजी यूडीपी या पद्धतीवर उभारलेल्या क्विकवर चालते, त्यामुळे ज्या फाईलीचे पाकीट हरवले तेवढीच थांबते. शिवाय फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी जोडणी टिकवण्याची सोय त्यात आहे. एन्जिनएक्सच्या १.२५ पासून ते मिळते. अग्निभिंतीत ४४३ हे दार यूडीपीसाठीही उघडावे लागते, आणि ते बहुतेक जण विसरतात. मग ब्राउझर मुकाट्याने जुन्याच पद्धतीवर राहतो आणि आपण समजतो की नवे चालू झाले.

चवथीच्या आधी एक चाचणी घ्या, रात्री उशिरा, स्वतःच्याच सर्व्हरवर: ‘एबी’ या साधनाने ५० जण एकाच वेळी अशा हजार मागण्या. चाचणी चालू असताना कॅशेची मुदत संपली तर काय होते तेही पाहा. कॅशेच्या ‘यूझ स्टेल’ या आज्ञेमध्ये ‘अपडेटिंग’ लिहिले असेल तर एक मागणी नवे पान तयार करायला जाते आणि बाकीच्यांना तोवर जुने मिळते. ते नसेल तर मुदत संपल्याच्या क्षणी सगळे जण पीएचपीच्या दारात उभे राहतात.

सत्तरीवासी

चवथ झाली. नोंदवही उघडून पाहिली: सर्वाधिक गर्दी आठ वाजून दहा मिनिटांनी झाली आणि त्या मिनिटाला ३१२ मागण्या आल्या. पीएचपीपर्यंत त्यांतल्या फक्त चार गेल्या. प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांवर गेला नाही. काका या वेळी काही बोलले नाहीत, आरती म्हणत राहिले.

एक अडचण उरली आहे. एका आरतीत वेलांटी ऱ्हस्व हवी तेथे दीर्घ पडली आहे, हे काकूंनी आरती चालू असतानाच ओळखले. वर्डप्रेसमध्ये दुरुस्त केली, पण मी कॅशेची मुदत धाडसाने एक आठवडा ठेवली असल्याने जुनेच पान दिसते. सगळा साठा पुसायचा नाही, अजून गर्दी चालू आहे. एकच पान कसे पुसावे?

मांडवीकाठ

कॅशेतील फाईलचे नाव म्हणजे त्या पानाच्या किल्लीचा एमडी-५, म्हणजे तिच्यापासून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, असतो. तुमच्या मांडणीत किल्ली कोणत्या क्रमाने बनते ते पाहा, ती अक्षरशः तशीच लिहून तिचा एमडी-५ काढा. मांडणीत फोल्डरांचे स्तर ‘एक:दोन’ असतील तर त्याचे शेवटचे अक्षर हे पहिल्या फोल्डरचे नाव आणि त्याआधीची दोन अक्षरे दुसऱ्याचे. ती फाईल तेवढी पुसा.

सत्तरीवासी

काढलेल्या नावाची फाईल सापडत नाही. किल्ली तीनदा तपासली.

मांडवीकाठ

‘एको’ या आज्ञेने किल्ली पाठवत असाल तर तो शेवटी नवी ओळ जोडतो आणि एमडी-५ पूर्ण बदलतो. त्याला ‘उणे एन’ जोडा.

सत्तरीवासी

सापडली. पुसली. वेलांटी ऱ्हस्व झाली आहे, काकूंना फोनवर दाखवली.